दादा, गाझावर बोललास आणि वणीत पडलास

दादा,

परवा तुझी शोकसभा झाली. हॉल भरला होता, दारातही लोक उभे होते. फोटो वहिनीने निवडला. त्यात तू हसतो आहेस, म्हणजे तुला तो आवडला नसता. हसणाऱ्या माणसाला लोक पुढारी मानत नाहीत असं तुझं म्हणणं.

बोलणारे एकामागून एक उठले. सगळ्यांनी तुला निर्भीड म्हटलं. तत्त्वनिष्ठ म्हटलं. आघाडीचे जिल्ह्याचे नेतेही पांढरे कडक कपडे घालून आले होते. हेच ते, ज्यांनी ऐन प्रचारात तुला फोन करून सांगितलं होतं की खुलासा द्या, नाहीतर आमचे झेंडे तुमच्या सभेत दिसणार नाहीत. ते माईकवर म्हणाले, "प्रभाकररावांनी मतांचा विचार करून कधी जीभ आवरली नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या!

मी पहिल्या रांगेत वहिनीशेजारी बसले होते. उठून विचारावंसं वाटत होतं, निर्भीड म्हणजे कशाबद्दल निर्भीड, ते तर सांगा. एवढ्या भाषणांत एकाच्याही तोंडून गाझा हा शब्द निघाला नाही. इस्रायल हा शब्द निघाला नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, तू नळाच्या पाण्याबद्दल बोललास आणि पडलास.

आणि बाहेर चपला घालताना जो भेटे तो माझा हात धरून म्हणे, "ताई, आम्ही तर भाऊलेच मत देल्लं होतं." सगळ्यांनी दिलं होतं म्हणे. मग तू पडलास कसा, एवढं फक्त कोणी सांगत नव्हतं.

म्हणून हे लिहायला बसले. तेही तुलाच, कारण या विषयावर माझं खरं भांडण तुझ्याशीच आहे आणि ते तू अर्धवट टाकून गेलास.

तुझा हा आजार जुनाच होता. आपल्या बाबांचं आणि शेजारच्या शेतवाल्याचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण लागलं, तेव्हा तू शाळेत होतास आणि मी तुझ्या मागे मागे फिरणारी. गावातली चार माणसं पाराजवळ बसली. बाबांनी मोठ्या विश्वासाने तुला पुढे केलं, पोट्टा खोटं बोलत नाही म्हणून. तू सांगितलंस, त्यांनी आपल्याकडे वखर घातला हे खरं आहे. बाबा खूश. मग तू थांबायला हवं होतंस की नाही? नाही थांबलास. "पण पयले धुरा बाबांनं फोडला होता," तू म्हणालास. बाबांनी कितीतरी दिवस तुझ्याशी अबोला धरला. आईने तुला विचारलं, "दुसरं काहून सांगितलं रे? कोनी इचारलं होतं?" तू म्हणालास, "अर्धंच सांगितलं असतं तर पयलंही खोटं झालं असतं."

आईने कपाळाला हात लावला. पुढे सगळा जन्म तोच हात मला लावावा लागला.

तू खाणीत लागलास, युनियनमध्ये गेलास, लाल झेंडा घेतलास. मी वकिली शिकले ती तुझ्याच हट्टामुळे, आणि पक्षाची सभासद झाले तीही तुझ्याच कटकटीमुळे. नगरसेवक म्हणून तू काम चांगलं केलंस, हे तुझे विरोधकही मानतात. कोळशाचे ट्रक वस्तीतून जाऊ नयेत म्हणून तू रस्त्यात खुर्ची टाकून बसलास, तेव्हा बायांनी तुला घराघरातून चहा पाठवला. वाळत घातलेली लुगडी काळी होत होती, त्यांच्या दृष्टीने तू देवमाणूस. यंदा आघाडीने तुला नगराध्यक्षपदाची उमेदवारी दिली तेव्हा मी पहिल्यांदा मनात म्हटलं, हा निवडून येतो. मी तुझी निवडणूक प्रतिनिधी होते. मला गल्ली न गल्ली माहीत होती. तू येत होतास, दादा.

मग ट्रक स्टँडजवळची ती कोपरा सभा. तू धुळीवर बोललास, गटारावर बोललास, उत्तम बोललास. खाली उतरलास तोच एका स्थानिक चॅनलवाल्याने माईक पुढे केला. "कॉम्रेड, गाझाबद्दल तुमची काय भूमिका?"

मी तुझी बाही ओढली. तुला कळलं होतं मी ओढली ते. तू बाही सोडवून घेतलीस.

"सोपी हाय," तू म्हणालास. "त्या पयल्या दिवशी घराघरात शिरून ज्यायनं माणसं मारली, म्हातारे अन् लेकरं उचलून नेले, तो खून हाय. त्याले लढा म्हनू नका. अन् त्याच्यानंतर इस्रायलचं सरकार जे करून राह्यलं, दवाखान्यावर बॉम्ब, भाकरीच्या रांगेवर गोळ्या, लेकरायले उपाशी ठेवणं, तो बी खून हाय. त्याले संरक्षण म्हनू नका."

झालं. गटारावरचं भाषण कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तुझे दोन तुकडे झाले होते. शेतकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फक्त दुसरं वाक्य फिरत होतं, त्याखाली लिहिलेलं, पाहा हे आघाडीचे उमेदवार कोणासाठी रडतात. मोमिनपुऱ्यातल्या ग्रुपवर फक्त पहिलं वाक्य फिरत होतं, त्याखाली लिहिलेलं, पाहा हे आपले दोस्त. कापणारा बहुतेक एकच असावा. त्याला मी मनात मानलं. तुझ्यापेक्षा त्याला निवडणूक जास्त कळत होती.

सर्वांत आधी आला आपला चुलत भाऊ मनोहर. तू दाढी करत होतास. त्याने चप्पलही काढली नाही. मनोहर कधीकाळी शेतकऱ्यांच्या दौऱ्यातून इस्रायल पाहून आला होता, त्या दिवसापासून त्या देशाबद्दल कोणी वाकडं बोललेलं त्याला चालत नसे. त्याच्या कपाशीत ठिबक आहे, संत्र्यात ठिबक आहे, आणि बोलण्यातही थेंबाथेंबाने तोच दौरा आहे.

"प्रभाकरभाऊ, तुले कायले पायजे होतं हे?" तो म्हणाला. "त्या लोकायनं वाळवंटात टमाटे पिकवले. आपल्याले पाणी वापरणं शिकवलं. मी त्यायच्या घरी जेवलो, माहीत हाय का तुले?"

"जेवलास ना? चांगलं केलं," तू फेस लावलेल्या तोंडाने म्हणालास. "ठिबक चांगलं हाय. मी कुठं ठिबकले खून म्हटलं?"

"मस्करी नोको करू."

"मस्करी नाही, मनोहर. माणूस टमाटे चांगले पिकवते म्हणून त्याच्या सरकारनं लेकरं मारले तर चालते, असं तुले म्हनायचं हाय का?"

मनोहर निघून गेला. मी तुला म्हटलं, "दादा, एका वाक्यात तू व्यापाऱ्यांचा अख्खा मेन रोड घालवलास." तू म्हणालास, "दाढीचं पाणी थंड झालं." असा तू.

मग आपल्याच बाजूच्या मोठ्या माणसांनी काय केलं ते मी जवळून पाहिलं. ज्या दिवशी हा विषय निघाला, त्या दिवसापासून मला आपल्या पुढाऱ्यांची एक नवीनच कला दिसायला लागली. कोणी म्हणे, हा केंद्राच्या परराष्ट्र धोरणाचा भाग आहे, मी स्थानिक माणूस. कोणी जागतिक शांततेबद्दल बोले, ज्यात कोणी कोणाला मारत नाही, माणसं आपोआप मरतात. एकाने मोबाइलवर कबुतराचं चित्र ठेवलं. एक जण बंद खोलीत तुझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमचंच बरोबर आहे, भाऊ," आणि बाहेर येऊन पत्रकारांना म्हणाला, ती त्यांची वैयक्तिक मतं आहेत. या सगळ्यांनाही मनातून तुझ्यासारखंच वाटत होतं, हे मला माहीत आहे. म्हणून तर जास्त चीड येते.

आणि आपला पक्ष? जिल्हा सेक्रेटरी यवतमाळहून एसटीने आले. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. वहिनीने पोहे दिले, ते खाता खाता त्यांनी सांगितलं की दुसरं वाक्य उत्तम आहे, पक्षाच्या भूमिकेला धरून आहे. पहिल्याची गरज नव्हती.

"पीडित आणि पीडक एका तराजूत घालणं ही आपली लाइन नाही, कॉम्रेड."

"मी तराजू आणलाच कुठं?" तू म्हणालास. "मी दोन वेगळे खून सांगितले. मोठा कोनता, लहान कोनता, ते मले माहीत हाय. पण लहान खुनाले खून न म्हनायचं, हे कुठं लिहिलं हाय?"

तासाभराने आघाडीच्या नेत्यांचा फोन आला. त्यांच्या मते पहिलं वाक्य उत्तम होतं, दुसऱ्याची गरज नव्हती. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला हसावं की रडावं कळेना. दोघांना मिळून तुझ्यात काहीच ठेवायचं नव्हतं.

त्यांचा फोन झाल्यावर मी खुलासा तयार केला. चांगला केला होता. माझ्या विधानाचा विपर्यास करण्यात आला असून वगैरे. वकिलीत असे मी झोपेत लिहिते. तू वाचलास आणि परत दिलास.

"विपर्यास कुठं झाला, विद्या? मी बोललोच हाय ते."

"नगराध्यक्षाला परराष्ट्र खातं असतं का रे?" मी ओरडले. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली इतकी ओरडले. "तू निवडून आलास तर त्या बायांचे कपडे स्वच्छ राहतील. पडलास तर गाझात एकही पोळी जास्त जाणार नाही. कळते का तुले? मतदान झाल्यावर बोल. वाटेल तितकं बोल. भोंगा लावून बोल."

"त्यानं आज इचारलं," तू म्हणालास.

एवढंच. जणू कोणी विचारलं की उत्तर देणं हा कायदा आहे.

शुक्रवारी दुपारी मोमिनपुऱ्यातून गाझासाठी मूक मोर्चा निघणार होता. तो ठरवण्यात शकीलभाई पुढे होते. शकीलभाई तुझे खाणीतले आणि पक्षाच्या शाखेतले जुने सोबती, संपात तुमच्या दोघांच्या पाठीवर एकाच लाठीचे वळ होते, असं तू सांगायचास. मी म्हटलं, चला, इथे तरी भरपाई होईल. तू नुसता चाल, बोलू नकोस. मोर्चा मूक आहे, देवाच्या दयेने.

मूक कसला! चौकात आल्यावर मागच्या काही पोरांनी घोषणा सुरू केल्या. आधी इस्रायल मुर्दाबाद. तिथवर तू चालत राहिलास. मग ज्यूंच्या नावाने सुरू झालं, सगळ्या ज्यूंच्या, आणि ते काय होतं ते मी इथे लिहीत नाही. मी तुझ्या पाठीकडे पाहत होते. पाठ थांबली. मी म्हटलं, गेलं.

तू शकीलभाईंच्या हातातून कर्णा घेतलास आणि एका उभ्या ट्रकच्या पायरीवर चढलास.

"थांबा," तू म्हणालास. "माणसाच्या जातीले शिवी देणार असाल तर मी ह्या मोर्चात नाही. ठाण्याले कामगारायच्या वर्गात माझ्या खोलीत चौलकर नावाचा फिटर होता. अलिबागकडचा. माझ्याहून चांगलं मराठी बोले. शनिवारी चूल पेटवत नसे. तो ज्यू होता. शनवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून शनवार तेली म्हनतात तिकडं त्यायले. त्यानं कोनाचं घर पाडलं? तिकडच्या सरकारनं पाडलं. आपल्याले बी इथं असंच म्हनतात ना, कोनी एकानं कुठं काही केलं का अख्ख्या मोहल्ल्याले जाब इचारतात? तवा कसं वाटते?"

एक पोरगा ओरडला, "चाचा, हमारे जनाजे पे भाषण मत दो." तू खाली उतरलास. घोषणा बंद झाल्या, पण मोर्चाही तिथेच विस्कटला.

शकीलभाई संध्याकाळी घरी आले. अंगणात खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "प्रभाकरभाई, बात सही थी. लेकिन आज नहीं बोलना था."

तू माझ्याकडे पाहून हसलास. "पाह्य, विद्या. सगळेच म्हनतात आज नाही. मनोहर म्हनते आज नाही, पक्ष म्हनते आज नाही, तू म्हनतेस आज नाही. एकदा तारीख ठरवून सांगा मले."

मला तेव्हा तुझा इतका राग आला होता की मी तशीच उठून घरी गेले. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तू ट्रकच्या पायरीवर चढलास, तेव्हा मी मागे मेडिकलच्या ओट्यावर उभी होते. शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईने विचारलं, हे कोण? मी म्हटलं, माझा भाऊ. माझा आवाज कसा निघाला ते तू ऐकायला हवं होतंस. उमेदवार म्हणाले नाही, कॉम्रेड म्हणाले नाही. ते तुला नंतर सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू भांडण जिंकला असतास.

निकाल काय लागला ते सगळ्यांना माहीत आहे. मेन रोडने तुला टाकलं, मोमिनपुऱ्याने तुला टाकलं. फक्त ट्रक रस्त्याच्या बायांनी तुला धरून ठेवलं, आणि तेवढ्याने माणूस निवडून येत नाही. मतमोजणीच्या जागेहून आपण पायी परतलो. तू वाटेत विजयी उमेदवाराच्या घरी शिरलास, त्याला हार घातलास आणि ट्रकांच्या वळण रस्त्याची फाइल कोणत्या टेबलावर अडकली आहे ते समजावून सांगितलंस. मी बाहेर उभी. कोणत्या मातीचा होतास रे तू?

नंतर एकदा दुपारी तुझ्या ओसरीवर मी पुन्हा विषय काढला. तू तुरीच्या शेंगा सोलत होतास. मी म्हटलं, दहा दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं?

"मरणारे थांबले असते का तवापर्यंत?" तू म्हणालास.

"तुझ्या बोलण्यानेही थांबले नाहीत, दादा."

तू वर पाहिलंस. तुझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं, आता काहीतरी जोरदार येईल. नाही आलं. तू म्हणालास, "हो. ते खरं हाय." आणि मग, खूप हळू, "मोमिनपुऱ्याचं मात्र लागलं मले. मनोहरचं नाही लागलं. शकीलच्या गल्लीचं लागलं."

हे तू आधी कोणाला सांगितलं नव्हतंस. मी शेंगा सोलायला घेतल्या. थोड्या वेळाने तू विचारलंस, "तू कोर्टात हरणाऱ्या केसेस कायले घेतेस?" मी म्हटलं, "माझी पोटाची भाकरी आहे ती, तुझ्यासारखी हौस नाही." आपण दोघंही हसलो. वहिनीने ताट वाढलं. तो वाद तिथेच राहिला. आता त्याला तुझ्या बाजूने बोलणारा कोणी नाही आणि माझ्या बाजूने बोलायची मला मजा राहिलेली नाही.

तू गेलास त्या दिवशी मी पांढरकवड्याच्या कोर्टात होते. वहिनीचा फोन आला, छातीत दुखतं म्हणतात. मी येईपर्यंत संपलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मनोहर आणि शकीलभाई एका बाकावर बसले होते, दोघांच्या मध्ये जागा सोडून. निवडणुकीनंतर त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. तिरडी उचलताना पुढे एका बाजूला मनोहर होता, दुसऱ्या बाजूला शकीलभाई, आणि उंचीत फरक असल्यामुळे तू सारखा मनोहरकडे कलत होतास. शकीलभाई म्हणाले, "भैया, जरा ऊपर लो." मनोहरने खांदा उचलला. स्मशानात तो माझ्याजवळ येऊन रडत म्हणाला, "विद्या, मी त्यालेच मत देल्लं होतं. चिडलो होतो, पण त्यालेच देल्लं." त्याच्यावर मात्र माझा विश्वास बसला. मी त्याला म्हटलं, "मग तो जिवंत असताना सांगायले काय झालं होतं?" सांगण्यासारखं सगळं आपल्या घरात असंच उशिरा निघतं.

काल आपल्या शाखेची बैठक झाली. तुझ्या श्रद्धांजलीचा ठराव होता. जिल्हा सेक्रेटरी मसुदा घेऊन आले होते. जनतेच्या प्रश्नांवर आयुष्यभर निर्भीडपणे लढणारे, वगैरे. पुन्हा तेच निर्भीड. मी उभी राहिले. म्हटलं, कशाबद्दल ते लिहा. ट्रक स्टँडवर काय म्हणाले ते लिहा. मोर्चात काय म्हणाले तेही लिहा. त्यामुळे पडले हेही लिहा.

सेक्रेटरी म्हणाले, "ताई, भावना समजतात. पण पंचायत समितीसाठी आघाडीची बोलणी सुरू आहेत. आज नको."

आज नको! तू असतास तर हसला असतास. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "मग हा ठराव माझ्या भावाचा नाही, दुसऱ्या कोणाचा तरी आहे. त्या दुसऱ्याला श्रद्धांजली वाहायला मी आले नाही." बराच गोंधळ झाला. मला राजकारण कळत नाही असं एक जण म्हणाला. मी त्याला सांगितलं, मला चांगलं कळतं, या गावात इस्रायलवर बोलण्याची किंमत काय असते ते माझ्याइतकं या खोलीत कोणालाच माहीत नाही, ती मी मतमोजणीच्या टेबलावर बसून पाहिली आहे. तरी लिहा. शेवटी हात वर करायला सांगितलं. शकीलभाईंचा हात सर्वांत आधी वर गेला, ट्रक स्टँडवरचं आणि मोर्चातलं, दोन्ही बोलणं लिहिण्यासाठी. मग बाकीचे हळूहळू. ठराव झाला. आज तो छापूनही आला.

दुपारी आघाडीच्या नेत्यांचा फोन आला. तेच, टाळ्या घेऊन गेलेले. म्हणाले, "ताई, हे काय करून बसलात? निदान एक छोटासा खुलासा द्या."

मी म्हटलं, देणार नाही.

त्यांनी फोन ठेवला. पंचायत समितीची जागा गेली असं समज. मी तशीच उभी राहिले, आणि दादा, तुझा इतका संताप आला मला, इतका, की चप्पल पायात सरकवून मी तुझ्याकडे भांडायला निघाले. फाटकापर्यंत गेले होते.